थैलीला पाणी

प्रिय गिरजा,

लग्नात घास देताना तुझं नाव घेतलं होतं, त्यानंतर आज. मधली सगळी वर्षं 'अगं' आणि 'काशीची माय' यावर निभावून नेली. तूही मला 'काशीना बाप' म्हणूनच हाक मारलीस. आता नाव लिहिलंय, तर कुठूनतरी डोळे वटारून बघत असशील!

आज लिहायला बसलो, कारण चुन्याच्या खड्ड्यात एक कातडं आहे आणि ते आज बाहेर काढायला हवं. उद्यावर ढकललं तर चुना त्याला खाऊन टाकील. काढीन, नाल्यात धुवीन, केस खरवडीन. ते सगळं माझ्या हातांना येतं. पण त्यानंतरचं काम तुझं होतं. म्हणून खड्ड्याच्या काठावर बसलोय आणि कातडं काढायचं सोडून कागद पुढे ओढलाय. शाळेच्या ओट्याखाली बसून तिसरीपर्यंत शिकलो, त्याचा उपयोग आजवर काशीची बोदवडहून येणारी पत्रं तुला दोन-दोनदा वाचून दाखवण्यापुरताच झाला. तुला स्वतःहून दोन ओळी लिहाव्यात असं कधी सुचलंच नाही. तू घरातच तर होतीस!

आठवतं का, तू नवी नवरी म्हणून आलीस तेव्हाचं? मी धुतलेलं कातडं पिळत होतो. तू आलीस, त्याच्या पाठीवरून ओघळणारा एक थेंब बोटावर घेतलास आणि सरळ जिभेवर ठेवलास. माझी आई बघतच राहिली. तू म्हणालीस, "चुना गया नही अजून. जीभले चटका बसस." मी चिडलो होतो. कालची आलेली पोर मला शिकवणार? पण आईनं चाखून पाहिलं, तर खरंच चुना होता. त्या दिवसापासून आपल्या घरात चाखायचं काम तुझं झालं. माझी जीभ तंबाखूनं केव्हाच मेली होती. तू तोंडावर सांगायचीस, "तुमनी जीभ तमाखूनी खाई टाकी." मी हसायचो आणि आणखी एक चिमूट तोंडात टाकायचो.

आणि त्या जिभेसाठी तू काय काय सोडलंस! कातड्याची थैली शिवून, साल-पाणी भरून टांगलेली असली की तिखट नाही, गोड नाही. आखाजीच्या सणाला सगळ्या लेकीबाळी झोक्यावर, घरोघर सांजोऱ्या, आणि तू ताट झाकून थैलीच्या तीन लाकडांच्या तिकाटण्याखाली उभी. आधी थैलीतून झिरपणारा थेंब चाखायचा, मगच सांजोरी. एका वर्षी मी म्हटलं, काशीला शिकव की, तेवढीच तुला उसंत. तू म्हणालीस, "पोरगीले गोडधोड खाऊ द्या." तेव्हा मला ते लाडाचं बोलणं वाटलं. तू किती वर्षं गोडाला मुकली होतीस हे आज हिशेब मांडावा तसं समोर येतं, आणि मला बसवत नाही.

वरच्या मळ्याचे नाना दर वेळी म्हणायचे, "तुना हातनी मोट फाटस नही." मी छाती काढून उभा राहायचो. आपल्या मोटेचं पाणी अख्ख्या मळ्याला चाललं, त्या पाण्यावरची भाजी गावानं खाल्ली, आपण मात्र नानांच्या विहिरीच्या थारोळ्यापासून दहा पावलं लांब. तरी ते एक वाक्य ऐकून मला किती बरं वाटायचं! नाना, यात माझ्या बायकोची जीभ आहे, एवढं एकदा म्हणालो असतो तर माझं काय गेलं असतं? घरी येऊन तुला सांगायचो, तेव्हा तू भाकरी थापत म्हणायचीस, "हात तुमना, नाव तुमना, जीभ तेवढी मनी." हसून म्हणायचीस. ते टोमण्याचं हसू होतं हे कळायला मला एवढा उशीर का लागावा?

दिवाळीनंतर तुला ताप भरला, तेव्हा नानांच्याच मोटेचं कातडं टांगलेलं होतं. थैली शिवून, बाभळीची साल आणि तरवड भरून तीनच दिवस झाले होते. तापाच्या तिसऱ्या दिवशी तू माणसं ओळखेनाशी झालीस. काशी आली तर तिला तू आपली आई समजलीस. पण मला बघून एकदम शुद्धीवर आल्यासारखी म्हणालीस, "थैलीले पानी घालाले इसरू नका. सकाय-संध्याकाय." मी हो म्हटलं. तुझ्या हातावर हात ठेवून हो म्हटलं, गिरजा. संध्याकाळी तू गेलीस.

पुढचं लिहायचं नव्हतं. पण तुझ्यापासून लपवून ठेवण्यासारखं आता राहिलंय काय?

तुला नेऊन आलो. अंगणात तिकाटणं तसंच उभं होतं, थैली टांगलेली, खाली झिरपलेलं पाणी धरायचं कुंडं. साल पाणी पिऊन बसली होती. मी सवयीनं कुंड्यातलं पाणी वर ओतायला वाकलो, तर भाऊ गरजला, "दहा दिन कुंडाले हात लावाना नही. सुतक शे. लोके काय म्हनतीन?" माझा थोरला भाऊ. त्याच्यापुढे मी कधी तोंड वर केलंय? लोटा खाली ठेवला.

दहा दिवस, गिरजा! दहा दिवस तुझी थैली माझ्या डोळ्यांसमोर वाळत राहिली. मानेकडचा भाग आधी ताठरला, मग पाठ. खालच्या पोटात राहिलेलं पाणी आंबून वास सुटला. मी अंगणात बसून रडत होतो. सगळे म्हणत होते, बायकोवर फार जीव होता याचा. कुणालाच कळलं नाही की मी अर्धा तुझ्यासाठी आणि अर्धा त्या थैलीसाठी रडत होतो. उठून एक लोटा ओतायला काय लागत होतं? कुणी माझे हात बांधले नव्हते. वाळीत टाकतील, एवढंच भय. गावानं आपल्याला आधीच वेशीबाहेर ठेवलंय, तरी आपल्याच माणसांच्या वाळीचं भय उरतंच.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भाऊ म्हणाला, तिची काय इच्छा राहिली ती बोल. मी म्हटलं, काशीला अंतर देणार नाही. कावळा फांदीवर ढिम्म. म्हटलं, तुझी आखाजी दर वर्षी करीन. ढिम्मच! तुझी इच्छा काय ते मला ठाऊक होतं, पण भावकीसमोर थैलीचं नाव काढायची लाज वाटली. शेवटी मनातल्या मनात म्हटलं, उद्या पाणी घालतो. कावळा आला. भूक लागली असेल बिचाऱ्याला. तू कशाला माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवशील?

अकराव्या दिवसापासून पाणी घातलं. सकाळ-संध्याकाळच काय, दुपारीसुद्धा घातलं. बारा दिवसांनी थेंब जिभेवर घेतला. तू म्हणायचीस, साल पोचली की जीभ टाळ्याला चिकटते. माझी जीभ कशालाच चिकटली नाही. लाकडी फळी चाटावी तसं. मग पोटाच्या कडेला काप मारून पाहिला, तर आतपर्यंत छान लाल. खूश झालो मी, मूर्ख! तू शंभरदा सांगितलं होतंस, "पोट लवकर पिकस. पाठले इचारा." पाठीला काप मारायची माझी छाती झाली नाही. मारला असता तर मधोमध कच्ची पांढरी रेघ दिसली असती, आणि ती रेघ कुणामुळे राहिली, हे मला कबूल करावं लागलं असतं. न बघताच मोट शिवली. एरंडाचं तेल मुरवलं. नानांना नेऊन दिली. ते म्हणाले, "तुनी कारभारीन गई, पन हात तोच शे." मी मान हलवली, गिरजा. तेव्हासुद्धा तुझं नाव घेतलं नाही.

आठव्या दिवशी मोट फाटली. भरून अर्ध्या विहिरीत वर आली होती. बैल धावेवरून उतरत सगळा जोर लावून ओढत होते, आणि पाठीचं कातडं मधूनच उसवलं. पाणी खाली, ओझं गेलं, आणि बैल तोंडावर गेले. एक उठला. दुसरा भिंगऱ्या. पुढचा पाय मोडला त्याचा. पोळ्याला नानांची जोडी वेशीपर्यंत यायची तेव्हा तू ज्याला लांबूनच ओवाळायचीस, तोच. पंधरा दिवस पडून होता. नानांनी औषधपाणी केलं, पाला बांधला, पण तो उठलाच नाही.

मेल्यावर मला निरोप आला. मेलेलं जनावर आपणच न्यायचं, ही रीतच आहे. मी गेलो. वाटलं, नाना शिव्या देतील, पायातलं पायताण मारतील. त्यातलं काही केलं नाही त्यांनी. बैलाकडे न बघता म्हणाले, "हाऊ बैल लई जाय. आते हाऊबी तुनाच."

तेव्हा मी बोललो. पहिल्यांदा बोललो! म्हटलं, "नाना, मना हात कधीच नव्हता. जीभ तिनी व्हती." त्यांना काही उमगलं नाही. बायको गेल्यानं याचं डोकं फिरलंय, असं त्यांनी मोटकऱ्याकडे बघून सांगितलं. एवढ्या वर्षांनी खरं बोललो आणि ते कुणाच्या कानातच शिरलं नाही.

तर चुन्याच्या खड्ड्यात आहे तो भिंगऱ्या आहे. त्याला फेकून देववत नाही आणि कमवायची अक्कल माझ्याकडे नाही. मोट फाटली त्या दिवसापासून तंबाखू सोडली. महिना होत आला. रोज सकाळी बाभळीची साल चघळून बघतो, काही कळतं का. काही कळत नाही. काल काशी आली होती, तिलाही साल भिजवलेल्या पाण्याचा एक थेंब दिला. तिनं चाखला, थुंकला, आणि म्हणाली, "आबा, माले काहीच समजत नही. मायनी माले शिकाडं नही." तिला शिकवलं नाहीस म्हणून तुझ्यावर रागावू का? तू तिचं तोंड गोड ठेवलंस. तुझ्या कडू झालेल्या तोंडाचं मी कधी विचारलंही नाही.

आणि कातडं कमावून तरी करायचं काय? नानांनी धुळ्याहून लोखंडी मोट आणली. तिला साल नको, पाणी नको, जीभ नको. गावातले आणखी दोघे तिच्या मागे आहेत. बघून आलो मी, लांबूनच. चांगली आहे. फाटणार नाही. आपल्या अंगणात आता कुणी मोट सांगायला येणार नाही, आणि ते आपल्या हातानं झालं. आपल्या नाही, माझ्या. तुझं नाव यात ओढायला नको.

ऊन चढलं. कातडं काढायला हवं.

तुला एकच वचन देतो, आणि ते मोडायला लावील असं आता मला कुणाचं भय उरलेलं नाही. भिंगऱ्याची थैली शिवीन, टांगीन, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालीन. कच्चं की पक्कं ते मला कळणार नाही. त्याची मोट होणार नाही, वहाणसुद्धा होणार नाही. साल संपली की नवी भरीन. भाऊ गेला तरी घालीन, सुतक असलं तरी घालीन. काशीला सांगितलंय, माझं झालं की आधी थैलीला पाणी घाल, मग रडायला बस. ती हो म्हणाली, माझ्या हातावर हात ठेवून.

मीही असंच हो म्हटलं होतं.

तुझा,
काशीचा बाप