कूलरसमोर फुगलेल्या अस्तराबाबत

प्रति,
मा. नमुना तपासणी अधिकारी साहेब,
लघुउद्योग शेड कार्यालय,
हिंगणा, नागपूर.

विषय : डब्याच्या अस्तराचा नमुना कूलर बंद ठेवून तपासण्याबाबत.
संदर्भ : आपलं नापासचं दुसरं पत्र.

महोदय,

अर्ज करतो की, माही माय भीमाबाई अन् बहीण जया आपल्या शेडमध्ये मसाल्याच्या डब्याचं अस्तर बनवतात. कागदावर एक हात गोंद, एक हात चिकणमाती, परत गोंद, परत माती. वाळलं की टिनासारखं वाजते. आत कापूर बांधा, बाहेर वास येत नाई. अजून एकदा नापास झालं तर शेड वापस घेऊ, असं आपण लिहिलं. मायले लिहिता येत नाई, म्हणून मी लिहून राहिलो.

१) पहिला नमुना बाबूनं कूलरच्या तोंडापाशी ठेवला. गोंद ओल पेला, फुगला, मातीचे थर सरकले. कापराचा वास दरवाज्यापर्यंत. वामनराव बाबू हसले, "काहून गा, तुह्या मायच्या कागदाले सर्दी झाली का?" मी टेबलावर हात आपटला, त्याची माफी. पण सर्दी त्यायनंच लावली.

२) दुसऱ्या नमुन्यावर मी मोठ्या अक्षरात 'ओलीपासून दूर' लिहिलं. तो त्यायनं माठावर झाकला. म्हणे, वाचलं गा, पण माठाले झाकण नव्हतं.

३) कूलर बंद करा म्हटलं, तर बाबू म्हणे, साहेबाले गरमी होते. नमुना बाहेर उन्हात तपासा म्हटलं, तर नियमानं तो खोलीबाहेर जात नाई.

मंग मी घरी एक अस्तर मोरीवर टांगलं. लोंबलं. उन्हात टाकलं, परत टिनासारखं वाजलं. मी खूश. कापूर बांधला, तर वास आला. एकदा सरकलेला थर पहिल्यासारखा बसत नाई, साहेब. म्हणजे कूलरनं जे केलं तेच पावसाळा करणार.

हे मायले मी सांगतलं नाई. ती म्हणते, दोष कूलरचा. तिसरा नमुना ती सोमवारी स्वतः घेऊन येणार आहे, पदराखाली झाकून.

तरी विनंती की, शेडचं काय करायचं ते आपल्या हाती. पण ती येईन तवा कूलर तेवढा बंद ठेवा, अन् आपण स्वतः हुंगून पाहा. वास येणार नाई. तसं तिले एकदा तोंडानं सांगा.

आपल्या दारात दोनदा आलेला,
रविंद्र दादाजी गजभिये
नागपूर, १८ मे १९७९

सोबत : कापराची वडी एक. मोरीवर टांगलेलं अस्तर एक (हे मायसमोर काढू नये).