टॉवेलखालचा लंगोट

बाबा, आज सकाळी मी ओट्याला धरून उभा होतो, अगदी तुम्ही उभे राहायचे तसा, आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात. तुमचा आवाज आठवायला आता जोर लावावा लागतो, पण ते उभं राहणं मी विसरलेलो नाही. उजवा हात ओट्यावर, डावा जांघेवर दाबलेला. चहा उतू जातो आहे आणि तुमचं लक्ष नाही. आई पोळ्या लाटता लाटता विचारते, "काहून असे उभे आहात?" तुम्ही म्हणता, "काही नाही. गॅस झाला." ती ओवा आणि काळं मीठ तुमच्या तळहातावर ठेवते. तुम्ही ते चावता, डबा सायकलला लटकवता आणि भोंग्याच्या आत फॅक्टरीचं फाटक गाठायला निघता. आज मला तिथेच, डाव्या बाजूला, थोडं खाली, दुखून राहिलं आहे, आणि मी ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटते. तुमच्यापाशी तरी सरळ लिहावं म्हणून बसलो.

पुढचं तुम्हाला नीट कळलंही नसेल, तुम्ही शुद्धीवर कुठे होतात. वांत्या थांबेनात, पोट टम्म फुगलं, आणि दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आँत उतर के फँस गई थी. कब से था इनको?" आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तेराव्याला तुमच्या शेजारच्या मशीनवरचे काका आले, तेव्हा त्यांच्याकडून समजलं की तुम्ही बरेच दिवस लंगोट आवळून आवळून ते आत ढकलत होतात. फॅक्टरीच्या डॉक्टरला दाखवलं तर लेथवरून काढतील, हलकं काम देतील, ही तुमची धास्ती. काका सांगत होते आणि आई मागच्या दाराकडे पाहत होती. तुमचा लंगोट नेहमी तिथल्या दोरीवर टॉवेलखाली वाळायचा. वर टॉवेल, खाली लंगोट, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडू नये. त्याला कधी धड ऊन लागलं नाही. आपल्या घरात कमरेखालचं सगळं असंच टॉवेलखाली होतं, आणि तुमच्यानंतर तर तिकडचा शब्द जरी निघाला तरी मला तो दवाखाना आठवतो.

म्हणून तुमचा नातू भरतीच्या मेडिकलहून परत आला आणि ताटावर बसून म्हणाला, "पप्पा, टेम्पररी अनफिट कर दिया," तेव्हा माझा घास हातातच राहिला. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. उंच आहे, पहाटे मैदानावर पळायला जातो, मराठी सगळी समजते पण उत्तर हिंदीतच देतो. मी विचारलं, "काहून?" तो आमटीकडे पाहत म्हणाला, "वो... नीचे. नस फूली है." मी लगेच विषय बदलला, आमटीत मीठ कमी आहे म्हटलं. मीठ बरोबर होतं. तुमची सून मात्र आपल्या घराण्याची नाही, हे बरं. ती म्हणाली, "नीचे म्हणजे कुठे? मोकळं सांग ना, मी तुझी माय आहे." आणि त्याने सांगितलं. डाव्या अंडाच्या वरच्या शिरा फुगल्या आहेत, व्हेरिकोसील म्हणतात, ऑपरेशन करून परत या म्हणाले. ती म्हणाली, "अच्छा. मग करू," आणि त्याला अजून एक पोळी वाढली. मी रात्रभर फसलेल्या आतड्याचाच विचार करत पडलो होतो.

ओमती भागात ज्या डॉक्टरांकडे पोराला घेऊन गेलो ते माझ्याहून बरेच लहान. पोराला पडद्यामागे उभं करून तपासलं, श्वास रोखून जोर लावायला सांगितलं, मग आम्हाला समोर बसवून समजावलं. मी आधी हर्नियाचं विचारलं. ते म्हणाले, "नहीं अंकल, इसमें आँत का कोई काम नहीं." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी आपल्या घरच्या बोरिंगचीच गोष्ट सांगितली म्हणा ना. खालून वर रक्त नेणाऱ्या शिरांमध्ये बारीक झडपा असतात. मोटरचा व्हॉल्व ढिला झाला की चढलेलं पाणी परत उतरतं, तसं इथे रक्त परत खाली उतरतं, साठतं, शिरा फुगतात आणि वेड्यावाकड्या होतात. डाव्या बाजूची शीर लांब असते, वर जाऊन किडनीच्या शिरेला आडवी मिळते, म्हणून बहुतेकांना डावीकडेच होतं. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी जड वाटतं, ओढल्यासारखं दुखतं, आडवं झालं की उतरतं. पुष्कळ पुरुषांना असतं आणि कित्येकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पोराने विचारलं, "सर, आगे शादी-वादी में कोई दिक्कत?" बाबा, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. डॉक्टर जराही न हसता म्हणाले, की त्या शिरांच्या उबेने काहींचं बीज कमी पडतं, पण सगळ्यांचं नाही, पुढे शंका आली तर तपासता येतं. माझ्या पोराने माझ्यादेखत हे विचारलं आणि आभाळ काही कोसळलं नाही.

मी मात्र त्या खुर्चीत घामाघूम झालो होतो, कारण ते पोराचं सांगत होते आणि मला माझंच ऐकू येत होतं. दिवाळीच्या सुमारास आंघोळ करताना हाताला पहिल्यांदा लागलं. उकडलेल्या शेवयांचा पुंजका असावा तसं, मऊ, डावीकडे. ऑफिसातून आलो की जड वाटायचं, अंथरुणावर पडलो की नाहीसं व्हायचं. नाहीसं झालं म्हणजे नाहीच, अशी मी समजूत काढली. वर घट्ट चड्ड्या आणल्या. तुमचाच मुलगा ना. संक्रांतीनंतर ते पडल्यावरही जाईनासं झालं. कूस बदलली, पाय वर घेतले, तरी जात नाही.

आणि डॉक्टर उठता उठता म्हणाले, "बस एक बात. लड़कों में ये आम है, डरना नहीं. लेकिन बड़ी उम्र में नया-नया हो, या लेटने पर भी न उतरे, तो घर नहीं बैठना. ऊपर किडनी की तरफ देखना पड़ता है, कोई गाँठ नस को दबा तो नहीं रही." मग सहज विचारलं, "घर में और किसी को है?" मी म्हणालो, "नहीं जी, किसी को नहीं." पोराने माझ्याकडे पाहिल्यासारखं वाटलं. घरी येताना तो गाडीवर मागे बसला होता, आणि घमापुरापर्यंत मी दोनदा चुकीचा गिअर टाकला.

त्याचं ऑपरेशन झालं. छोटासा छेद, बिघडलेल्या शिरा बांधून टाकतात आणि रक्त दुसऱ्या चांगल्या वाटेने वर जातं, एवढंच. दुसऱ्या दिवशी घरी आला. आता बाहेरच्या खोलीत पडून असतो आणि सगळ्यांना कामाला लावतो. आधाराला एक पट्टीवाली चड्डी दिली आहे, तिला तो "दादाजी का लंगोट" म्हणतो. धुतली की त्याची आई ती पुढच्या गच्चीत भर उन्हात टाकते, शेजारीण पापड वाळवते त्याच्या शेजारी. मी पहिल्या दिवशी तिच्यावर टॉवेल टाकायला गेलो होतो. ती म्हणाली, "तुम्हाला काय करून राहिलं? वाळू द्या." मी टॉवेल घडी करून आत आणला.

तर आज सकाळी. तुमची सून बाजारात गेली होती आणि मी त्याच्यासाठी चहा ठेवला होता. एकदम कळ आली, वर कमरेपर्यंत गेली. ओटा धरला. किडनी नक्की कुठे असते, पुढे की मागे, हे मला माहीत नाही, आणि मोबाइलवर बघायची हिंमत होत नाही. गाठ असली तर? पोराची परत मेडिकल आहे, तुमच्या सुनेची शाळेची नोकरी आहे, आणि तुम्ही गेलात त्या वयाचा मी झालो आहे. चहा उतू गेला. पोरगा भिंतीला धरत धरत दारात आला होता, केव्हाचा कोण जाणे. आणि बाबा, जन्मात माझ्याशी मराठीत न बोलणारा तो पोरगा, आजीकडून ऐकलेलं असेल कधी, मला म्हणाला, "पप्पा, काहून असे उभे आहे?"

मी म्हणालो, "काही नाही. गॅस झाला."

तो गेला नाही. फडक्याने सांडलेला चहा पुसला, डब्यातून ओवा काढून माझ्यासमोर ठेवला आणि हळूहळू परत गेला. तो ओवा अजून तिथेच आहे.

दुपार झाली आहे. एक कबूल करतो. तुम्हाला सगळं सांगावं असं वाटलं म्हणून मी लिहायला बसलो नव्हतो. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही मला उठवून दवाखान्यात नेणार नाही. नेणारा बाहेरच्या खोलीत आहे, त्याच्या मोबाइलचा आवाज येतो आहे, आणि मधे एक पडदा आहे. तुम्हीही असेच पलीकडे होतात आणि मी अलीकडे. कागद इथेच ठेवतो, पुढचं लिहून काही होणार नाही. त्याला हाक मारतो आणि सांगतो, की सकाळी गॅस नव्हता झाला.