तलावकाठच्या अठरा गुंठ्यांबाबत

मी, भगवंतराव पुंजाजी गावंडे, वय वर्षे बहात्तर, राहणार पिंपळटेक, परतवाड्याजवळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहीत आहे. दडपण आहे, मुलाचंच, किशोरचं आहे. बळी मात्र पडलेलो नाही. डोकं ठिकाणावर असल्याची खात्री डॉ. वर्षाली बोंडे यांनी आज करून घेतली.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगी अपेक्षा हिला. तिच्या आईचं, कौशल्याचं, आजारपण तिने एकटीने काढलं. किशोरला तेव्हा जठारपेठेतलं दुकान एक दिवस बंद ठेवता आलं नाही. हे मी विसरलेलो नाही.

२. गळाच्या तिन्ही काठ्या नागसेन तायडे यांना. दर रविवारी आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, शेजारी बसतो. तलावात मासे परत आले, पण ते अजून खाण्याजोगे नाहीत. म्हणून धरलेला मासा सोडायचा, असा आम्हा हौशी मंडळींचा नियम आहे. गळाचा उलटा दात पकडीने दाबून टाकावा, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. नागसेन यात आळस करतो. करू नये.

३. किशोरला मोटरसायकल. जमीन नाही. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याचा नाला माझ्या अठरा गुंठ्यांतून तलावात उतरतो. नव्या मालकाला तोच नाला पुन्हा उघडायचा आहे आणि किशोरने परस्पर शब्द देऊन टाकला. रोज फोन येतो, “बाबा, सही करून द्या ना, काहून अडून बसले?” सही मिळणार नाही.

४. ते अठरा गुंठे मनकर्णाबाई सुरजुसे यांना. कारण लिहिणं भाग आहे. चौदा वर्षांपूर्वी त्या कारखान्यातला व्हॉल्व्ह माझ्या हाती होता. रसायनाच्या सांडपाण्याची टाकी भरली होती. साहेब म्हणाले, पोळ्याच्या संध्याकाळी सोड, सगळं गाव बैल घेऊन तोरणाखाली असेल. मी सोडलं. दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे मांसाहाराचा दिवस; घरोघरी मासे लागत, म्हणून भोई मंडळी पोळ्याच्या संध्याकाळीच जाळी टाकत. हे मी जन्मापासून पाहत आलो होतो. नेमकं तेव्हा आठवलं नाही. मनकर्णाबाईंचे यजमान धर्मेंद्र छातीभर पाण्यात उभे होते. अंग भाजलं, जखमा भरल्याच नाहीत, संक्रांतीआधी ते गेले. ‘पाइप आपोआप फुटला’ असं रजिस्टरात मीच लिहिलं. चौकशी तिथेच संपली. मला स्वतःची लाज वाटते.

५. काल मी कलम चार मनकर्णाबाईंच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. वाटलं होतं, त्या रडतील, जमीन घेतील आणि मी सुटेन. त्या म्हणाल्या, “मेल्यावर काहून सांगता, भाऊ? जित्तेपणी सांगा लोकायले. जमिनीचं मंग पाहू.”

म्हणून हे मृत्युपत्र लखोट्यात जाणार नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, पाळीवर, भोई मंडळी, गळवाले आणि किशोर यांच्यासमोर मी ते स्वतः वाचेन. पोलिसांनाही कळवलं आहे. पुढे माझं काहीही होवो, कलम चार बदलणार नाही.

६. हे लिहीत असताना मनकर्णाबाईंचा निरोप आला, तो जसाच्या तसा नोंदवतो: “रविवारी येतो. पोरीलेबी आनतो. तिच्या बापाचं तिले मी काईच सांगतलं नाई. तुमीच सांगा.”

वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही करत आहे.

भगवंतराव पुंजाजी गावंडे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. वर्षाली बोंडे, परतवाडा (सही)
२. रामराव काळमेघ, शेजारी (सही)

ठिकाण: पिंपळटेक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार