धुळ्याच्या मशीनला एक सेकंद

५ जाने., सोमवार
जामनेरच्या एका व्यापाऱ्याचं कॉम्प्युटर कुणीतरी बाहेरून शिरून कुलूपबंद केलं म्हणे. शेठनी साडेनऊला ही बातमी सांगितली आणि दहाला विचारलं, "आपलं बघितलं का?" अर्ध्या तासात काय डोंबल बघणार. आपली मशीनं चार. जळगाव, चोपडा, जामनेर, धुळे. प्रत्येकावर केळी पिकवायच्या चेंबरचं तापमान आणि गॅस चालतो. आणि एकेका मशीनला पोर्ट पासष्ट हजारांवर. शेठना 'दारं' म्हटलं की कळतं. "मग दारं वाजवून बघ सगळी," म्हणाले, जशी काही मी गल्लीत वर्गणी मागायला निघालेय.
हाताने करत बसले तर होळी येईल. स्क्रिप्ट लिहिते. ती दार वाजवेल, उघडं की बंद ते लिहील, पुढे जाईल.

६ जाने., मंगळ
धोक्याची चाळीस दारं निवडली, बाकीची नंतर. स्क्रिप्ट चोपड्यालाच अडकली. बंद दाराने 'बंद आहे' म्हटलं तर बरं, पण आमचा फायरवॉल, म्हणजे दारांवरचा राखणदार, उत्तरच देत नाही. ती बिचारी एकेका दाराशी उभी. चहा घेऊन आले, तरी तिथेच. मला कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत दम निघत नाही, हिच्यासाठी कुठे थांबू. एक सेकंदाची मर्यादा घातली. सेकंदात उत्तर नाही तर 'बंद' लिही आणि चालू लाग.
सुटली. तीन मिनिटांत चारही मशीनं. सगळं बंद. धुळ्याचं ते जुनं दारसुद्धा बंद. ते मीच उघडलं होतं तीन वर्षांपूर्वी, धुळ्याच्या चेंबर लावणाऱ्या नानांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, घरून चेंबरचा स्क्रीन दिसावा म्हणून. दोन दिवसांपुरतं. नंतर त्यांना घरून यायला नीट सुरक्षित वाट करून दिली. जुनं तेव्हाच बंद केलं असणार. केलंच असणार.
कागद छापला, सही केली, शेठच्या टेबलावर ठेवला. साडेपाचला घरी.

९ जाने., शुक्र
धुळे, चेंबर २. सोळावर ठेवलेलं तापमान चोवीस. सालं हिरवी आणि आत गर मऊ, अख्खी चेंबर गेली. प्रोग्रॅमच्या नोंदीत बदल करणाऱ्याचं नाव: नाना.
नानांनी अंगठ्याने दाबून फळाचा दिवस सांगावा आणि तो चुकू नये. मला केळ्यातलं जे कळतं ते त्यांनी शिकवलं. मी त्यांना माऊस धरायला शिकवला. फोन केला. भांडतील वाटलं होतं. तारीख आणि वेळ दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "मीच करं व्हई, बाई. माले याद नही."
बाहेरचं कुणी? पण दारं तर बंद आहेत, मीच लिहून दिलंय. मग नानाच. दुसरं कोण.

१३ जाने., मंगळ
परत. चेंबर ३, सोळाचं अकरा. अकरात साल काळवंडतं. चेंबरवरच्या माणसाच्या वेळेत लक्षात आलं म्हणून वाचलं. नाव परत नानांचं, आणि फोनवर परत 'याद नही'. शेठ ओरडले नाहीत. ते ओरडले नाहीत की मला जास्त भीती वाटते. "नाना थकले. त्यांचा पासवर्ड काढून घे. सन्मानाने घरी बसवू."
काढला. दोन क्लिक. हात धुवून आले, तरी बरं वाटेना.
नानांचा मुलगा विजय फोनवर म्हणाला, नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, २२ तारखेची. "पप्पांना सांगितलंय की नुसतं चेकअप आहे." त्यांना कळलं नसेल होय?

१५ जाने., गुरु
राहवेना. सुट्टी टाकून सकाळची धुळे गाडी. एरंडोलला जाम, पारोळ्याला जाम. तीन वेळा उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहिले, जणू मी उभी राहिल्याने गाडी निघणार होती.
नाना ओसरीत. कालच्या संक्रांतीचे लाडू पुढे केले. मग पाच मिनिटांनी परत केले. विसरले की काय म्हणून डब्यात डोकावले, पण हे दुसरे होते, राजगिऱ्याचे. आता मीही असं मोजायला लागलेय त्यांना.
नानांच्या कारभारीण, अक्का, आत भाकरी टाकता टाकता हळूच: "दिनभर गॅसनं बटन देखतस. बंद करतस, परत देखतस." भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. 'मोटर बंद'. 'गोळी घेतली'. नानांच्या हातचं ते टपोरं अक्षर, जे चेंबरच्या पाटीवर असायचं.
लॅपटॉप उघडला. हाताला चाळा म्हणून स्क्रिप्ट चालू केली, नानांच्याच घरच्या नेटवरून. नाना बघत होते. "इतली घाई कशाले करस?" म्हणाले. मी म्हटलं, स्वभाव.
चोपडा बंद. जामनेर बंद. जळगाव बंद. धुळे: एक ओळ 'उघडं'.
परत चालवली. उघडं. तेच जुनं दार.
नानांना काही बोलले नाही. अर्धी भाकरी खाऊन परतीची गाडी धरली.

१६ जाने., शुक्र
ऑफिसात सगळ्यांच्या आधी. इथून चालवली: बंद. मग ते एका सेकंदाचं पाच केलं. उघडं. चेंबरची लाइन रडकी आहे, जळगावहून दार वाजवलं की उत्तर यायला दीड-दोन सेकंद लागतात. नानांचं घर त्याच गावात, त्याच लाइनवर, म्हणून तिथे लगेच आलं. दार तीन वर्षं सताड उघडं होतं, ते 'आहे' म्हणत होतं आणि मी तोवर पुढच्या दाराशी.
आधी बंद केलं. मग मशीनची खालची नोंद काढली, कोण कुठल्या पत्त्यावरून आलं ती. ९ तारीख, सकाळी ७.१२. पत्ता परदेशातला. त्या दारातून आला, नानांचा प्रोग्रॅम उघडाच होता, त्यात खेळला, गेला. म्हणून नाव नानांचं.
नाना नव्हते. इतकं बरं वाटलं की जिन्यात बसून रडले. मग आठवलं की दार माझं आणि सहीही माझी.

१७ जाने., शनि
शेठच्या केबिनपर्यंत चार वेळा जाऊन परत आले. पाचव्यांदा त्यांनीच हाक मारली. सांगितलं सगळं. त्यांनी माझा ६ तारखेचा कागद काढला, चष्मा लावून वाचला.
"सही तुझी?"
"हो."
"यापुढे या कामावर पुण्याच्या सिक्युरिटीवाल्या माणसाची पण सही लागेल." एवढंच. कानफटात मारली असती तर परवडलं असतं. दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "नानांना तू सांग. मी पण करतो फोन."
नानांना सांगितलं. त्यांनी परत एकदा सांगायला लावलं. मग, "म्हणजे मन्हं डोकं ठीक शे?"
"एकदम ठीक आहे, नाना. चूक माझी होती."
त्यांनी अक्कांना हाक मारली. फोन तसाच चालू राहिला आणि मला त्यांचं हसू ऐकू येत होतं.

१९ जाने., सोम
नानांचा पासवर्ड परत दिला. विजयने नाशिकची वेळ रद्द केली. अक्का सांगत होत्या, भिंतीवरच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः काढल्या. मला भरताची वांगी पाठवलीत गाडीवाल्याकडे, चार किलो. एकटीने कधी खायची.

२० जाने., मंगळ
पुण्याच्या माणसाला पाठवायला अख्खी नोंद काढली. १६ला मी पहिली ओळ सापडताच फाइल मिटली होती. १३ तारखेची पाहिलीच नव्हती. कशाला पाहायची, चोर सापडला होता ना.
१३ तारीख, दुपारी २.४०. चेंबर ३, सोळाचं अकरा. जुन्या दारातून नाही. सुरक्षित वाटेने. पत्ता मीच दिलेला, नानांच्या घरचा.
परत वाचलं. मग सगळ्या पत्त्यांची यादी काढून पडताळलं. नानांचंच घर.
बोट चुकलं असेल, सोळाऐवजी अकरा. कुणाचंही चुकतं. पण मग त्यांना ते का आठवलं नाही? आणि मी 'एकदम ठीक' म्हटलं. डॉक्टर नाही, काही नाही, एका ओळीच्या जिवावर.
माझा जीव थाऱ्यावर नाही. विजयला सांगितलं तर २२ची वेळ अजून मिळेल कदाचित. सांगितलं तर त्या चिठ्ठ्या परत भिंतीवर. नाही सांगितलं तर

२१ जाने., बुध
विजयचा नंबर काढला, ठेवला. काढला, ठेवला. पाणी प्यायला म्हणून उठले, ते गेटपर्यंत चालत गेले.
पावणेबाराला नानांचाच फोन. आवाज तरणाताठा. तिन्ही चेंबर लावल्यात, चष्मा पुसून दोनदा पाहिलंय म्हणाले. "बठ्ठं ठीक शे ना, बाई? तू एकदा देखी ले."
स्क्रीन समोरच होता. चेंबर १, सोळा. चेंबर २, सोळा. चेंबर ३, सोळा.
"ठीक शे ना?"
मी म्हटलं, "थांबा नाना."
आणि ते थांबलेत. फोन कानाला, मागे अक्कांच्या भांड्यांचा आवाज. त्यांना घाई नाही. हे मी एका हाताने लिहितेय.