तापमान कमी केलं तर?

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आजचा सेमिनार उत्तम झाला. वक्ता कोण होता आठवत नाही. विषय चुंबकाचा असावा, कारण पहिल्या स्लाइडवर चुंबक होता. दुसरी स्लाइड पाहिली नाही. मी डोळे मिटून ऐकतो. उघडे ठेवले की लक्ष विचलित होतं.

टाळ्यांनी चिंतन भंगलं. लगेच हात वर करून नेहमीचा प्रश्न टाकला: तापमान कमी केलं तर काय होईल? अठरा वर्षं हाच प्रश्न विचारतोय, एकदाही वाया गेलेला नाही. चुंबक असो, लेझर असो, तारे असोत, तापमान कुणाला चुकलंय! वक्ता दचकला. म्हणाला, छान प्रश्न आहे, यावर आपण चहाच्या वेळी बोलू. चहाच्या वेळी मी घरी निघून आलो. उत्तरांच्या मागे लागणं हा माझा स्वभाव नाही.

मी प्रश्न विचारताच मागच्या रांगेत विद्यार्थ्यांमध्ये एक चॉकलेट या हातातून त्या हातात गेलं. ज्ञानाचा आनंद मुलं असा वाटून खातात. बघून बरं वाटलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
मोठी बातमी! विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं. १ मार्चचं सार्वजनिक विज्ञान व्याख्यान मी द्यायचं. मोठा हॉल, शहरातले लोक, शाळांची मुलं. मॅडम म्हणाल्या, ठरलेल्या पाहुण्यांचा पाय मोडला, दुसरे परदेशात आहेत आणि तिसरे फोनच उचलत नाहीत. थोडक्यात, सर्वानुमते माझंच नाव पुढे आलं.

जाताना म्हणाल्या, तुमच्या थेंबांवरच बोला, लोकांना आवडेल. (माझं संशोधन थेंब कसा वाळतो यावर आहे.) मी नुसती मान हलवली. होकारार्थी नव्हे.

घरी सांगितलं तर लेक नाचायलाच लागली. आठवीत आहे. म्हणाली, बाबा, मी अख्खा वर्ग घेऊन येणार! त्यांना मी सांगितलं होतं की तू थेंबांवर काम करतोस, तर त्यांना वाटतं तू विद्यापीठाचे गळके नळ दुरुस्त करतोस. आता कळेल म्हणावं, माझे बाबा सायंटिस्ट आहेत ते.

बायको म्हणाली, आधी स्लाइड्स तरी कर. बायको दातांची डॉक्टर आहे. तिच्यापुढे माणसं तोंड उघडतात, पण त्यांना बोलता येत नाही. घरीही तीच शिस्त आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी
विषय ठरला: विश्वाचा अंत. थेंबांवर बोललो तर नळाची अफवा पक्कीच होईल. पोरीची मान वर्गात ताठ राहिली पाहिजे, बास. विश्वावर माझं संशोधन नाही हे खरं, पण राहतो तर विश्वातच ना.

संकल्प: रोज पहाटे पाच ते सात वाचन. रोज दहा स्लाइड्स. आठवड्यात काम फत्ते.

सोमवार, १० फेब्रुवारी
पाचचा गजर झाला. बायकोने उठून बंद केला. आठला मला कळलं. सोमवारी सुरू केलेली कामं तशीही टिकत नाहीत. उद्यापासून.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
सेमिनार. वक्ता आमचाच लेझरवाला. हा माझ्यानंतर विभागात आला, आणि आता वर्तमानपत्रात लिहितो. त्याचं बोलणं डोळे मिटून ऐकलं. शेवटी प्रश्न टाकला. म्हणाला, सर, गेला अर्धा तास मी तापमान कमी केल्यावर काय होतं तेच सांगत होतो. सगळा हॉल हसला. बिचाऱ्याची चांगलीच फजिती झाली.

मागे आज दोन चॉकलेटं फिरली.

पहाटेचं वाचन: अजून पुस्तक निवडतोय. घाईत चुकीचं पुस्तक हाती लागायला नको.

रविवार, १६ फेब्रुवारी
पहिली स्लाइड तयार! फॉन्ट निवडण्यात सकाळ गेली, पण काय देखणी दिसते. मागे एक दीर्घिका गरगर फिरते. बायकोला दाखवली. तिला चक्कर आली.

दुपारी चहा सांडला. लेकीने विचारलं, बाबा, डाग वाळला की त्याची कडच का गडद होते, मधला भाग का नाही? म्हटलं, सोप्पंय. थेंबाची कड जागेला चिकटून बसते. तिथलं पाणी सगळ्यात आधी उडतं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे धावतं, आणि जाताना चहाचे कण सोबत नेतं. पाणी उडून जातं, कण बिचारे कडेलाच अडकतात. मग तिला दाखवायला बशीत थेंब टाकले. मग दुसऱ्या बशीत. मग गरम पातेल्याच्या झाकणावर, तिथे भराभर वाळतात. संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. घरातल्या सगळ्या बशा संपल्या. बायको म्हणाली, आता या घासणार कोण? आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

लेक म्हणाली, बाबा, हेच सांग ना त्या दिवशी. मी हसलो. पोर लहान आहे अजून. चहाचे डाग ऐकायला लोक हॉलमध्ये येतात होय?

गुरुवार, २० फेब्रुवारी
लिफ्टपाशी माझं पोस्टर लागलं. फोटो डोक्यावर केस होते तेव्हाचा आहे, पण ओळखू येतो. कुणीतरी खाली पेनाने लिहिलंय: ‘तापमान कमी केलं तर?’ श्रोते आत्तापासूनच प्रश्न पाठवू लागले.

माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी स्लाइड्स मागत होती. म्हणे, एकदा तालीम करूया सर. तालीम नवख्यांनी करायची असते. मग हळूच म्हणाली, सर, अजूनही वेळ आहे, थेंब घ्या ना. हिला मॅडमनी पढवलेलं दिसतंय.

सोमवार, २४ फेब्रुवारी
दुसरी स्लाइडही झाली. ‘धन्यवाद’. म्हणजे सुरुवात तयार, शेवट तयार. मधलं काय, बोलता बोलता सुचतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
लेकीचा पूर्ण वर्ग येतोय. बाईही येतायत. लेकीने जेवताना विचारलं, बाबा, झाली ना सगळी तयारी? म्हटलं, कधीच! बायकोने माझ्याकडे पाहिलं. काढावीच लागणार अशा दाढेकडे ती तसं बघते.

इंटरनेटवरून दीर्घिकांचे चाळीस फोटो उतरवून मध्ये घातले. एका फोटोला एक मिनिट, जमलं की. रात्रीचा एक वाजला तरी झोप मात्र नाही. दुपारची बिस्किटं बाधली असावीत.

शनिवार, १ मार्च
सगळं लिहून काढायला हवं. नाहीतर उद्या मी ते वेगळंच आठवीन.

हॉल गच्च. लेकीचा वर्ग चौथ्या रांगेत, ती मधोमध, ताठ मानेने. मी सुरुवात केली. चाळीस फोटो पंधरा मिनिटांत संपले. एका फोटोवर मिनिटभर बोलायला त्याची माहिती लागते, हे आधी लक्षात आलं नव्हतं. मग फोटो उलट्या क्रमाने दाखवले. म्हटलं, आता परतीचा प्रवास. पहिल्या रांगेतले एक आजोबा डोळे मिटून ऐकत होते. मनात म्हटलं, चला, एक तरी जाणकार आहे. मग ते घोरायला लागले.

प्रश्नोत्तरं. एका मुलाने विचारलं, पण विश्वाचा अंत होणार तरी कधी? म्हणालो, छान प्रश्न आहे, यावर आपण चहाच्या वेळी बोलू. एका मुलीने विचारलं, अंतानंतर काय? म्हणालो, हाही छान प्रश्न आहे, चहाच्या वेळी बोलू. मग मागच्या रांगेतून एम.एस्सी.चा एक पोरगा उठला. चेहरा अगदी गरीब गायीचा. म्हणाला, सर, तापमान कमी केलं तर काय होईल?

अख्खा विभाग हसला. लेझरवाला डोळे पुसत होता. मॅडमनी फाइल तोंडासमोर धरली. आणि मागून एक चॉकलेट निघालं, या हातातून त्या हातात. या वेळी मी ते नीट पाहिलं. मी सेमिनारमध्ये हा प्रश्न विचारतो की नाही, यावर ही कार्टी पैज लावतात. अठरा वर्षांपासून की कालपरवापासून, देव जाणे. मला खूप लाज वाटली. कान तापले. खरं म्हणजे विश्वाचं तापमान कमी झालं तर काय होतं, तोच माझा विषय होता. मला उत्तर येत नव्हतं.

लेक एकटी हसत नव्हती. तिने हात वर केला. म्हणाली, बाबा, थेंब वाळल्यावर कड का गडद होते, ते सांगशील? मला सांगितलं होतंस तसं.

मी म्हणालो, ते आजच्या व्याख्यानाच्या कक्षेबाहेर आहे.

कुठून सुचलं हे वाक्य! आजवर हजारदा वक्त्यांच्या तोंडून ऐकलंय, तेच आलं. तिने हात खाली घेतला. वर्गातल्या एका मुलाने तिच्या कानात काहीतरी विचारलं. नळाबद्दलच असणार.

मी नेहमीसारखा चहाच्या वेळी सटकणार होतो. पण दाराशीच चहाचं टेबल, आणि टेबलाभोवती ही गर्दी. टाचा उंचावून पाहिलं तर मध्ये लेक. चहाच्या मोठ्या स्टीलच्या टाकीचं झाकण गरम होतं, त्यावर चमच्याने थेंब टाकत होती. मुलं झाकणावर वाकलेली. लेक म्हणत होती, बघा, कड चिकटून बसलीय, आता मधलं पाणी तिकडे पळतंय, कण घेऊन. थेंब वाळले, गडद कडा उमटल्या, मुलं ओरडली. घोरणारे आजोबा म्हणाले, अरेच्चा, हे तर मी रोज बघतो! मॅडम त्यांच्या मागून डोकावत होत्या. शाळेच्या बाई मला म्हणाल्या, अहो, जरा बाजूला व्हा, मुलांना दिसत नाहीये.

बाजूला झालो. आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, तापमान कमी केलं तर?

कुणी हसलं नाही. लेकीने एक थेंब थंड टेबलावर टाकला. म्हणाली, हा हळू वाळेल, आपण थांबून बघू. सगळे थांबले. मीही थांबलो. प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबायची माझी ही पहिलीच वेळ. थेंब वाळायला चांगला वेळ लागला. मी बघत राहिलो. मग ती मुलांना म्हणाली, हे सगळं बाबांनी शोधलंय. तसं ते सगळं मी शोधलेलं नाही, पण मी तिथे दुरुस्ती केली नाही. खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. हॉलचा एसी फार वाढवतात.

सोमवार, ३ मार्च
मॅडमनी बोलावलं. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाचं विचारणार, या तयारीने गेलो. काही अटीही मनात ठरवल्या होत्या.

म्हणाल्या, या शनिवारी मुलांसाठी थेंबांचे प्रयोग ठेवतोय, तुमच्या मुलीला पाठवाल का? मी विचारलं, आणि मी? म्हणाल्या, हो, तुम्हीही या ना, बशा धरायला कुणीतरी लागेलच.

घरी सांगितलं. बायको हसून हसून खुर्चीत बसली. लेक मात्र गंभीर. तिच्या स्लाइड्स आजच तयार आहेत, फॉन्ट साधा. शनिवारची तालीमही लावलीय, मी वेळेवर हजर राहायचं. संध्याकाळी मी बशा घासल्या. एकेक कागदात गुंडाळता गुंडाळता लेकीला विचारलं, बशा कोरड्या न्यायच्या की ओल्या? आणि गरम झाकणासाठी काय करायचं? आणि मी थोडं मध्ये मध्ये बोललो तर चालेल ना?

म्हणाली, छान प्रश्न आहेत, बाबा. यावर आपण चहाच्या वेळी बोलू.