हात न लावलेलं कपाट

३ नोव्हेंबर, सोमवार
ड्यूटी आठ ते पाच. तीन टाक्यांची प्रेशर टेस्ट. तिन्ही पास. बायको जाऊन आज दोन महिने झाले. मी ठीक आहे. ताईचा फोन. रविवारी येते, तिचं कपाट आवरू, तुझ्याच्याने व्हायचं नाही, म्हणाली. म्हटलं, येऊ नकोस, शनिवारच्या आत मीच आवरतो. एका तासाचं काम.

४ नोव्हेंबर
शुक्रवारी 'इंटिग्रिटी' या शब्दावर पाच मिनिटं बोला, असं मॅनेजर म्हणाले. मलाच का? म्हणे तुम्ही कमी बोलता, वेळेत संपेल. लाँड्रीवाल्याने माझे सहा रुमाल हरवलेत. खडसावलं. नाही म्हणतो! कपाट उद्या. आज पाठ दुखते आहे.

५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
डिक्शनरी काढली. सचोटी हा अर्थ ठाऊक होता. दुसरा अर्थ अखंडपणा. मूळ लॅटिन: ज्याला हात लागलेला नाही, ते. वाचून फार बरं वाटलं. म्हणजे मी कपाट टाळत नाही, अखंड ठेवतो आहे. ताईला फोन करून समजावलं. तुझ्या लॅटिनवर धूळ बसत नाही का रे, म्हणाली.

६ नोव्हेंबर
कपाट बाहेरून पुसलं. प्रगती आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
भाषण झालं. "ज्याला हात लागला नाही, तेच अखंड," असं म्हणून टाळ्यांसाठी थांबलो. मागून वेल्डर म्हणाला, मग साहेब, उद्यापासून टाक्यांना हात न लावताच पासचा शिक्का मारा की! सगळे हसले. मीही हसलो. वीस वर्षं मीच ओरडतो आहे: पाणी भरा, प्रेशर द्या, अर्धा तास काटा बघा, काटा पडला तर टाकी गळकी, नाही पडला तरच धड म्हणा. तीन मिनिटं आधीच भाषण संपवून खाली बसलो.

८ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी १०.१०. कपाट उघडलं. नियमाप्रमाणे अर्धा तास समोर उभं राहायचं ठरवलं. मला काही होणार नाही, याची खात्री होती.
वरच्या खणात तिचे स्वेटर. त्यांच्यामागे माझे सहा रुमाल, इस्त्री करून, चौकोनी घड्या घालून. लाँड्रीवाल्याची माफी मागायला हवी.
१०.१४. काटा पडला.
दुपारी ताईला फोन. उद्या ये म्हटलं. तिकीट सोमवारीच काढलंय, म्हणाली.
एक रुमाल वापरला होता. धुऊन दोरीवर टाकला.