मर्टलबाईंच्या एकोणीस नोटिसा

प्रिय विनीताई,

तुझ्या गुडघ्यांना आणि फ्लोरिडातल्या उन्हाला न्यू हॅम्पशायरच्या थंडीचा नमस्कार. मी ठीक आहे. झोप उडाली आहे, तेवढं सोडून.

गावाच्या नियोजन मंडळाचा अध्यक्ष गेली अकरा वर्षं मीच (दुसरं कोणी तयार होत नाही). दफनभूमीमागच्या कुरणावर डेल स्प्रॅगला चौदा घरं बांधायची आहेत. आता आपला नियम असा, की लगतच्या प्रत्येक जमीनमालकाला रजिस्टर पत्राने नोटीस जावी आणि सही केलेली पोच परत यावी. आपल्याकडे थडग्याची जागा खरेदीखत करून विकतात, त्यामुळे वहीत मालक म्हणून नावं आहेत ती आत निजलेल्यांचीच. आमच्या कारकून मर्टलबाई नियमाला इतक्या पक्क्या, की कुंपणालगतच्या एकोणीसही जणांना त्यांनी नोटिसा धाडल्या. मी म्हणालो, "अहो बाई, ही माणसं मेलीत." त्या म्हणाल्या, "मेली असतील. जागा कुठे विकलीय त्यांनी?" आम्ही पोट धरून हसलो. आठवड्याने एकोणीसही पोचा सह्या होऊन परत आल्या. (पोस्टमन म्हणतो, पत्रं फाटकाच्या पेटीत टाकली, दुसऱ्या दिवशी पोचा तयार होत्या, जास्त चौकशी मी कशाला करू.) तेव्हापासून कोणी हसलेलं नाही.

शनिवारी सकाळी सुनावणी झाली. रिवाजाप्रमाणे मी आधी विचारलं, की कोणा सदस्याचा यात स्वार्थ असेल तर त्याने उठून बाहेर जावं. कोणी उठलं नाही. मग प्रत्येक शेजाऱ्याला बोलायला तीन मिनिटं. मर्टलबाईंनी अंडी उकडायचं घड्याळ लावलं आणि पहिलं नाव पुकारलं, इझिकिएल टटल, जे १८७१ साली वारले. तीन मिनिटं नुसती टिकटिक, मग घंटा. "आभारी आहे, टटलसाहेब. पुढचे." डेलचा वकील कुरकुरला, की समोर कोणी नाही. "पोच आहे," बाई म्हणाल्या. सातव्या नावापर्यंत लोक खोकायचेही थांबले, कारण नाव पुकारलं की पुढच्या रांगेतली एखादी रिकामी खुर्ची करकरायची, माणूस टेकल्यावर करकरते तशी. सतरावं नाव आईचं होतं. तिची घंटा वाजेचना. बाईंनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालू होतं. खरं सांगतो ताई, मला लहानपणीसारखी भीती वाटली. मी सुनावणी गुरुवारवर ढकलून मोकळा झालो.

प्रकृतीला जप.

तुझा धाकटा भाऊ,
अर्विन

ता. क. घरामागचा नवा लाकडी ओटा डेलने बांधून दिलाय. बिल त्याने दिलं नाही, मी मागितलं नाही. तू एवढंच लिहून पाठव, की ओटा तू मला वाढदिवसाला भेट दिलास. तारीख मागच्या जूनची घाल.

आणखी ता. क. पत्र अजून टपालात टाकलेलं नाही, कोणाला दाखवलेलंही नाही. एवढ्यात मर्टलबाई गुरुवारच्या नोटिशीची आईची पोच घेऊन आल्या. सही तिचीच, शेवटच्या अक्षराची लांब शेपटी तीच. शेऱ्याच्या जागी एक ओळ आहे: "विनीला यात ओढू नकोस." बाईंनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि गावात कोणीही उघडून बघू शकतं त्या फायलीला पोच लावून टाकली.

तेव्हा वरचं मागणं रद्द समज. गुरुवारी तो स्वार्थाचा प्रश्न मीच विचारीन आणि ओट्याचं सांगून मीच उठून बाहेर जाईन. सभागृहाचं दार दफनभूमीकडे उघडतं. आई तिथे वाट बघत असेल.